शब्दचर्चा : सर्व्हर कोसळल्यावर क्रमांक ‘टिकतो’ म्हणजे काय होतं?

बोरू
पोस्टग्रेस या डेटाबेसवरच्या एका हस्तपुस्तिकेचं मराठीकरण चालू आहे. एक वाक्य अडलंय. खर्डा असा: ‘सर्व्हर कोसळला तरी व्यवहाराचा ओळखक्रमांक टिकला पाहिजे.’ तपासणाऱ्याने समासात ‘टिकला म्हणजे?’ एवढंच लिहून परत पाठवलं. टिकणे, तगणे, वाचणे, उरणे, शाबूत राहणे यांतलं कोणतं घ्यावं? ट्रान्झॅक्शनला (एकत्रच होणारा किंवा एकत्रच रद्द होणारा बदलांचा गट) ‘व्यवहार’, कमिटला ‘पक्का करणे’ आणि आयडीला ‘ओळखक्रमांक’ हे आधीच ठरलंय. ‘अभिज्ञापक’ कृपया कोणी सुचवू नका.

पाटीपुस्तक
छटा वेगवेगळ्या आहेत. ‘टिकणे’ काळापुढे: लोणचं टिकतं, रंग टिकतो. ‘तगणे’ हालात, कसाबसा जीव धरून: दुष्काळात रोप तगलं. ‘उरणे’ म्हटलं की बाकीचं गेलं हे गृहीत. ‘वाचणे’ तर इथे घेऊच नका. डेटाबेसच्या पुस्तकात ‘क्रमांक वाचला’ हे सगळे रीड असंच समजतील. अपघातातून मोडतोड न होता बाहेर पडणं यासाठी ‘शाबूत राहणे’. वादळात छप्पर शाबूत राहिलं, तसा क्रमांक शाबूत राहिला.

आडनोंद
‘शाबूत’ चांगला शब्द आहे, पण समासातला प्रश्न क्रियापदाचा नाही, हमीचा आहे.

पोस्टग्रेसमध्ये व्यवहाराला क्रमांक मिळतो तो पहिल्या लिखाणाच्या वेळी, किंवा कोणी पीजी_करंट_झॅक्ट_आयडी() विचारलं तर तेव्हा. नुसतं वाचणाऱ्या व्यवहाराला हा क्रमांक मिळतच नाही. पुढचा क्रमांक कोणता याची मोजणी मेमरीत चालते. क्रमांक दिला म्हणून त्या क्षणी डिस्कवर काहीही जात नाही. तो डिस्कवर पोचण्याच्या मुख्य वाटा दोन. एक, चेकपॉइंटच्या वेळी (मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवण्याचा अधूनमधूनचा टप्पा) कंट्रोल फाइलमध्ये. ती फाइल दाखवणारं पीजी_कंट्रोलडेटा चालवलं की ‘लेटेस्ट चेकपॉइंट्स नेक्स्टएक्सआयडी’ या ओळीपुढे ०:१००० असा आकडा दिसतो. दोन, त्या व्यवहाराच्या प्रत्येक वॉल-नोंदीच्या माथ्यावर (वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग, बदल आधी लिहून ठेवायची नोंदवही). कोसळून उठताना सर्व्हर चेकपॉइंटचा आकडा घेतो, तिथून वॉल वाचत निघतो आणि मोठा क्रमांक दिसला की मोजणी त्याच्या पुढे सरकवतो.

आता असं धरा. चेकपॉइंटला पुढचा क्रमांक १०००. नंतर १००० ते १००४ पक्के झाले, त्यांची वॉल डिस्कवर गेली. पुढच्या व्यवहाराने आपला क्रमांक विचारला, १००५ मिळाला, तो बाहेरच्या एका मेसेज-रांगेत पाठवला. त्याची एकही नोंद डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली. सर्व्हर उठतो तेव्हा मोजणी १००५ वरच उभी. भलताच व्यवहार १००५ घेतो आणि पक्का होतो. पहिला क्लायंट परत जोडला जाऊन पीजी_झॅक्ट_स्टेटस ला १००५ चं काय झालं विचारतो. उत्तर ‘कमिटेड’. त्याच्या कामाचा तर मागमूसही नाही.

क्रमांक अगदी शाबूत आहे. धनी बदललाय.

पाटीपुस्तक
मग ‘शाबूत’ मागे घेतो. हवं ते ‘पुन्हा न दिला जाणे’. कर्मणी लांबट होतं, पण अर्थ तोच आहे.

बोरू
पण मग हा पोस्टग्रेसचा दोषच नाही का? एकच क्रमांक दोघांना गेला तर आतला डेटा कसा बिघडत नाही?

खतावणी
हे जमाखर्चाच्या भाषेत सोपं होतं, आणि शब्दही तिथे तयार आहेत. वॉल म्हणजे कीर्द, टेबलांची पानं म्हणजे खतावणी. नियम एकच: कीर्दीत उतरल्याशिवाय खतावणीत चढवायचं नाही. १००५ चा शिक्का असलेलं टेबलाचं पान, १००५ ची कीर्द डिस्कवर गेल्याशिवाय डिस्कवर जाऊच शकत नाही. म्हणजे कीर्दीतून १००५ हरवला तर खतावणीतही तो नाही. आतल्या बाजूने हिशेब चोख राहतो. गोंधळ होतो तो पेढीबाहेर चिठ्ठीवर लिहून दिलेल्या क्रमांकाचा.

चेकपॉइंटला ‘खतावणी इथवर चढली’ ही खूण म्हणता येईल, पण शीर्षकात चेकपॉइंटच ठेवा. ‘तपासबिंदू’ने कोणाचंच भलं झालेलं नाही.

आडनोंद
बरोबर. एक बारीक भर. व्यवहार पक्का की रद्द हे पीजी_झॅक्ट नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येकी २ बिटांत असतं. ८ केबीच्या एका पानात ३२,७६८ व्यवहार मावतात. उपव्यवहार (व्यवहाराच्या आतला व्यवहार) पक्का झाल्याची खूण या पानावर वॉल-नोंदीशिवायच होते. त्यामुळे हरवलेल्या क्रमांकाची जुनी खूण पानावर राहून गेलेली असू शकते. म्हणून सर्व्हर उठताना चालू पानाचा, पुढच्या क्रमांकापासूनचा भाग शून्यांनी पुसून घेतो. क्रमांक पुन्हा दिला जाऊ शकतो हे करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे, नजरचुकीने राहिलेलं नाही.

‘कोसळणे’ या शब्दावरही माझी हरकत आहे. तीन वेगळ्या घटना आहेत. नुसती सर्व्हरची प्रक्रिया मेली तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिलेलं लिखाण राहतं, मेमरीतल्या वॉल बफरमधलं जातं. ऑपरेटिंग सिस्टिम पडली किंवा वीज गेली तर एफसिंक (डिस्कवर खरोखर उतरवून घेणं) न झालेलं सगळंच जातं. तिसरी, डिस्कच गेली. तिथे ही चर्चा संपते आणि बॅकअपची सुरू होते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट = २ ठेवलं तर पहिल्या घटनेत पक्के व्यवहार राहतात, दुसऱ्यात शेवटच्या सेकंदभराचे जाऊ शकतात. एकाच ‘कोसळणे’त दोन्ही कोंबलं तर वाचणारा फसेल.

बोरू
मग पहिल्या उल्लेखाला ‘प्रक्रिया मरणे’ आणि ‘वीज जाणे’ असं स्पष्टच लिहितो, ‘कोसळणे’ दोन्हींना मिळून ठेवतो. आणखी एक अडलंय. ‘सर्व्हर उठल्यावर क्रमांकांमध्ये गॅप दिसतात.’ गॅपला अंतर? पोकळी? दरी?

पाटीपुस्तक
खाडा! दुधाचा खाडा, कामाचा खाडा, तसा क्रमांकाचा. ‘क्रमांकात खाडे पडतात.’

खतावणी
खाडा चपखल, कारण तो पडण्याचं कारणही मराठीत एका शब्दात आहे: बेगमी. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (ओळींना वगैरे क्रमांक वाटणारी मोजणी) दर क्रमांकाला कीर्द लिहीत बसत नाही. एकदम ३२ पुढचे क्रमांक दिले गेले असं लिहून ठेवतो आणि मग मेमरीतून वाटतो. कोसळला की वाटून न झालेले बेगमीतले क्रमांक वाया, पुढची सुरुवात कीर्दीत लिहिलेल्या आकड्यापलीकडून. ओआयडीची (पोस्टग्रेसच्या आतल्या वस्तूंचा ओळखक्रमांक) बेगमी ८,१९२ ची. इनोडीबीत (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) व्यवहार-क्रमांक २५६ च्या टप्प्याने डिस्कवर लिहिला जातो आणि उठताना तो २५६ च्या पटीत वर ओढून आणखी ५१२ मिळवले जातात. दर वेळी काहीशे क्रमांक फुकट गेले तरी ४८ बिटांच्या मोजणीत ते खिजगणतीतही नाहीत.

खाडा परवडतो, दुबार वाटप परवडत नाही, हा या सगळ्यामागचा सौदा.

सोमवारपेठ
सीक्वेन्सवरून बिलाचे नंबर काढणाऱ्यांनी हा मुद्दा चौकटीत लावावा. जीएसटीच्या नियम ४६ ला बिलाचा क्रमांक सलग लागतो आणि सीक्वेन्स सलगपणाची हमी देतच नाही. क्रॅश तर सोडाच, व्यवहार रद्द झाला तरी घेतलेला क्रमांक परत जात नाही.

पाटीपुस्तक
म्हणजे शब्द तीन झाले आणि तिन्ही वेगळे: सलग (खाडा नाही), चढता (पुढचा मोठाच), एकमेव (पुन्हा दिला जात नाही). बोरू, तुमच्या ‘टिकला’मध्ये ‘एकमेव’ हवाय आणि वाचणाऱ्याला ‘सलग’ ऐकू येतंय.

आडनोंद
मायएसक्यूएलचं ऑटो-इन्क्रिमेंट (ओळींना आपोआप मिळणारा चढता क्रमांक) हे क्रमांक एकमेव न राहण्याचं उघड उदाहरण. ८.० च्या आधी मोजणी फक्त मेमरीत, सुरू होताना टेबलातल्या सगळ्यांत मोठ्या क्रमांकात १ मिळवून घ्यायची. शेवटची ५७ क्रमांकाची ओळ पुसली, सर्व्हर बंद-चालू केला, पुढच्या ओळीला पुन्हा ५७. त्यासाठी क्रॅशसुद्धा लागत नव्हता. ही तक्रार त्यांच्या यादीत १९९ क्रमांकाची, २००३ सालची. ८.० मध्ये मोजणी बदलली की ती रीडू लॉगमध्ये (इनोडीबीची वॉल) जायला लागली तेव्हा मिटली.

जीटीआयडीचं दुखणं जास्त वाईट, कारण ते गप्प असतं. जीटीआयडी म्हणजे मायएसक्यूएलमध्ये व्यवहाराला मिळणारी ओळख: सर्व्हरचा यूयूआयडी (जगात एकमेव असावा असा लांब ओळखक्रमांक) आणि पुढे आकडा. मूळ सर्व्हरवर सिंक_बिनलॉग = ० आहे (बिनलॉग म्हणजे नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरना, रेप्लिकांना, पाठवायच्या बदलांची नोंदवही; ० म्हणजे ती डिस्कवर उतरायची वाट बघायची नाही), आकडा १०५ चा व्यवहार रेप्लिकाकडे पोचला, मूळ सर्व्हरची वीज गेली, बिनलॉगची शेपटी गेली. उठल्यावर १०५ वेगळ्याच व्यवहाराला. रेप्लिका लगेच जोडली गेली तर ‘माझ्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे’ म्हणून थांबते, म्हणजे निदान कळतं. मूळ सर्व्हर पुढे गेल्यावर जोडली गेली तर ‘१०५ माझ्याकडे आहे’ म्हणत नवा १०५ निमूट सोडून देते. सिंक_बिनलॉग ५.७.७ पासून आपोआप १ असतो. ‘वेग वाढवा’ छापाच्या सल्ल्यांवरून तो ० केलेला नाही ना, एवढं बघा.

बोरू
पोस्टग्रेसवाल्यांनी मग करायचं काय? ‘असं होऊ शकतं’ लिहून प्रकरण संपवता येणार नाही.

आडनोंद
क्रमांक बाहेर सांगायच्या आधी त्याची कीर्द डिस्कवर उतरवायची. आवृत्ती १७ पासून सरळ करता येतं. बिगिन. मग पीजी_करंट_झॅक्ट_आयडी() ने क्रमांक घ्या. मग वेगळ्या स्टेटमेंटमध्ये पीजी_लॉजिकल_इमिट_मेसेज(फॉल्स, ‘खूण’, ‘’, ट्रू). चौथ्या जागचा ट्रू म्हणजे लगेच फ्लश, डिस्कवर उतरवणं. व्यवहाराला क्रमांक मिळालेला असल्यामुळे या नोंदीच्या माथ्यावर तो येतोच. हे स्टेटमेंट परतलं की मगच क्रमांक रांगेत टाका.

चूक होते ती पहिल्या आर्ग्युमेंटला. तिथे ट्रू दिलं की मेसेज व्यवहाराशी बांधला जातो आणि चौथ्या ट्रूला अर्थ राहत नाही. फ्लश थेट कमिटच्या वेळी. दुसरी चूक, ‘कमिट झाला म्हणजे उतरलाच’ हा समज. व्यवहाराने क्रमांक घेतला पण वॉलमध्ये काहीच लिहिलं नाही (नुसतं क्रमांक विचारणं, टेम्पररी टेबलात लिहिणं) तर कमिटची नोंद होते, पण ती डिस्कवर जाईपर्यंत सर्व्हर थांबत नाही. सिंक्रोनस_कमिट बंद असेल तर सगळ्यांचंच तसं, वॉल_रायटर_डिलेच्या तिपटीपर्यंत, म्हणजे नेहमीच्या २०० मिलिसेकंदांवर ६०० पर्यंत उशीर.

किंमत: दर व्यवहारामागे एक जादा एफसिंक. आणि हे फक्त त्याच मशीनपुरतं. असिंक्रोनस स्टँडबायला (मागून नक्कल करणाऱ्या राखीव सर्व्हरला) बढती दिली आणि ती नोंद तिकडे पोचलेलीच नव्हती, तर पुन्हा तेच.

खतावणी
‘माझा व्यवहार झाला का’ एवढंच कळायला हवं असेल तर सर्व्हरच्या क्रमांकाच्या नादी लागायचंच कशाला? ॲप्लिकेशनने स्वतःचा यूयूआयडी बनवावा आणि त्याच व्यवहारात एका टेबलात घालावा, युनिक कन्स्ट्रेंटसह (दुबार घालू न देणारा नियम). जोडणी तुटली तर परत येऊन नुसती ओळ शोधू नका; जुनं सेशन सर्व्हरवर अजून जिवंत असेल तर ओळ दिसत नाही आणि दोन सेकंदांनी पक्की होते. तोच यूयूआयडी पुन्हा घालून बघा. जुना व्यवहार चालू असेल तर तुमचं इन्सर्ट त्याच्यासाठी खोळंबेल, तो पक्का झाला तर दुबार म्हणून अडेल, रद्द झाला तर आत जाईल.

सोमवारपेठ
प्रिपेअर ट्रान्झॅक्शन (व्यवहार कमिटच्या उंबरठ्यावर ठेवून द्यायची आज्ञा) राहिलं. तिथे नाव आपण देतो, ते कोसळूनही राहतं. मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स मुळात ० असतं, ते वाढवावं लागतं, आणि विसरलेला प्रिपेअर्ड व्यवहार लॉक धरून बसतो, व्हॅक्यूमही (जुन्या ओळींची साफसफाई) अडवतो. त्याला मराठीत ‘तयार’ नको. ‘तोलून धरलेला’ म्हणा, म्हणजे कोणीतरी सोडवायचा आहे हे कळेल.

बोरू
आता असं लिहिलंय: ‘व्यवहाराची एक तरी नोंद कीर्दीत पक्की झाल्यावरच त्याचा क्रमांक बाहेर सांगावा. मग त्याच डिस्कवर सर्व्हर कोसळून उठला तरी तो क्रमांक दुसऱ्या व्यवहाराला फिरून दिला जात नाही. क्रमांकात खाडे पडू शकतात.’

पाटीपुस्तक
दोन जागा बदला. ‘पक्की’ तुम्ही कमिटला दिलाय; इथे ‘डिस्कवर उतरल्यावरच’ लिहा, नाहीतर लोक कमिटची वाट बघत बसतील. आणि ‘फिरून’ नको. ३२ बिटांचा क्रमांक सुमारे ४२९ कोटींनंतर खरोखरच फिरतो, त्या रॅपअराउंडचं प्रकरण तुमच्याच पुस्तकात पुढे असणार. तिथे ‘फिरणे’ लागेल. इथे ‘पुन्हा’.

आडनोंद
पीजी_करंट_झॅक्ट_आयडी() ६४ बिटांचा देतो, तो फिरत नाही. ‘पुन्हा’च बरोबर.