प्रोफायलर सेकंदाला 19 वेळा की 100 वेळा? माझ्या मते भांडणच चुकीच्या आकड्यावर आहे

सराफ्यातला_घुबड (धागाकर्ता)
इंदूरला विजयनगरच्या आमच्या ऑफिसात आठवडाभर हाच तमाशा. प्रोफायलर म्हणजे ठराविक वेळाने डोकावून कुठलं फंक्शन सीपीयू खातंय ते टिपणारं टूल; एक डोकावणं म्हणजे एक सॅम्पल. पेमेंटची सर्व्हिस मिनिटाला एकदा 200 मिलिसेकंद सीपीयू खाते आणि फ्लेम ग्राफमध्ये (ज्याचे सॅम्पल जास्त त्या फंक्शनची पट्टी रुंद, असं चित्र) काही सापडत नाही. वरून फर्मान आलं, सॅम्पलिंग 19 हर्ट्झचं 100 करा.

हिशोब करा की भिया. 19 हर्ट्झला त्या 200 मिलिसेकंदांच्या एका झटक्यात एका कोरवर साधारण 4 सॅम्पल मिळतात. कोर पूर्ण बिझी धरला तर तासाला 68,400 सॅम्पल, त्यात झटक्यांचे 228. 100 हर्ट्झला 3,60,000 पैकी 1,200. दोन्हीकडे 0.33 टक्केच! फ्लेम ग्राफमध्ये केसाएवढी पट्टी होती, ती तेवढीच राहणार. रोग तासाभराचं सगळं एकात ओतण्यात आहे. 10-10 सेकंदांचे तुकडे ठेवा, वर कुठल्या रिक्वेस्टचं ते लेबल लावा.

पोहेजलेबी_डिबगर
टक्के तेच, पण भरवसा तोच का? योगायोगाची चूक वर्गमूळाएवढी धर: 228 ला साधारण 15 ची, 1,200 ला 35 ची. म्हणजे साडेसहा टक्क्यांवरून तीनच्या आत. आणि एकच झटका उघडून बघायचा तर 4 सॅम्पलवर कुठल्या फंक्शनला दोषी धरणार? गो भाषेचा प्रोफायलर मुळातच 100 वर चालतो, कोणाचा सर्व्हर जळाला नाही.

सराफ्यातला_घुबड
तो 30 सेकंद लावून बंद करायचा असतो. इथे चोवीस तास चालू ठेवायचाय. पार्का या सतत चालणाऱ्या प्रोफायलरचा एजंट 19 वर ठेवलाय तो उगाच नाही.

खान_नदी_काठी
100 तर मुळीच नको, 99 ठेवा. दर 10 मिलिसेकंदांनी जागा होणारं काम असेल तर 100 हर्ट्झचं सॅम्पल त्याच्याशी पाय जुळवून चालतं. एकतर दर वेळी दिसेल, नाहीतर कधीच नाही. रोज सकाळी 11 ला सराफ्यात जाणारा जन्मभर सांगेल की इथे फक्त सोनं-चांदी मिळतं. रात्री तिथेच मिळणाऱ्या भुट्ट्याच्या किसाचा त्याला पत्ताच नाही.

पोहेजलेबी_डिबगर
99 मान्य. पण घुबडा, तुझा उपाय जास्त महाग आहे. सारखे स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती साखळी) एकत्र होऊन समोर फक्त मोजणी वाढते, म्हणून पाचपट सॅम्पल घेतले तरी साठा पाचपट होत नाही. तू तासाच्या जागी 10 सेकंदांचे तुकडे मागतोयस, वर रिक्वेस्टची लेबलं. तेच तेच स्टॅक तासाला 360 वेळा लिहायचे. डिस्कचं बिल कोण भरणार?

सराफ्यातला_घुबड
हे मान्य करावं लागेल. मग लेबलं सोडा. झटका आला तेवढीच 10 सेकंदांची खिडकी वेगळी ठेवू, बाकीचं तासात ओतू.

खान_नदी_काठी
झटका आला हे कोण सांगणार?

सराफ्यातला_घुबड
लेटन्सीचा, म्हणजे उत्तराला वेळ लागला की वाजणारा, अलर्ट आहे ना.

पोहेजलेबी_डिबगर
तो 5 मिनिटांच्या सरासरीवर आहे. दिवाळीच्या आधी तूच लावलायस.