उच्चदाब तारांजवळची घरं: नियमात मीटर लिहायचे की मायक्रोटेस्ला?

तिरपी_रेघ
उच्चदाब तारांजवळच्या बांधकामाच्या नियमांच्या मसुद्यावर सूचना द्यायच्या आहेत. मसुद्यात सरसकट '५० मीटर' एवढंच लिहिलंय. फोनच्या अ‍ॅपवर तारांखाली ४५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) दिसतात, लांब गेलं तरी तेवढेच. मग अंतराला अर्थ काय?

गॉसबुवा
ते ४५ पृथ्वीचे! फोनमधला सेन्सर होकायंत्राचा. तारांच्या ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं करणाऱ्या क्षेत्रासाठी तीन अक्षांचा गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं उपकरण) हवा, जमिनीपासून १ मीटरवर धरून (१ मायक्रोटेस्ला = १० मिलिगॉस). शिवाय चुंबकीय क्षेत्र ठरतं ते तारेतल्या प्रवाहावर, व्होल्टेजवर नाही. दुपारचा आकडा संध्याकाळच्या भाराला लागू पडत नाही. २४ तासांची नोंद घ्या, त्याच वेळचे अँपिअर मागवा आणि त्या प्रमाणात पूर्ण भाराचा आकडा काढा. पूर्ण भाराला तार तापून झोळ वाढतो, म्हणून ऐन तारेखाली हा हिशेब थोडा कमीच येतो.

दुहेरी_सर्किट
५० मीटर म्हणजे अंदाजपंचे. एकाच मनोऱ्यावर दोन सर्किटं असतील आणि प्रवाह एकाच दिशेने जात असेल, तर तीन फेजच्या तारांचा एका बाजूला वरून खाली आर-वाय-बी, दुसरीकडे बी-वाय-आर असा क्रम लावा. क्षेत्रं एकमेकांना बरीच खातात. नव्या वाहिनीत याला जवळपास काही खर्च नाही, तरी नियमात हे क्वचितच लिहितात.

मर्यादेचं म्हणाल तर 'इक्निर्प'चे (किरणोत्सारी नसलेल्या प्रारणांपासून संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग) २०१० चे २०० मायक्रोटेस्ला मज्जातंतूंवरच्या तात्कालिक परिणामासाठी आहेत. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी सांख्यिकीय संबंध दिसतो तो सरासरी ०.३-०.४ मायक्रोटेस्लाच्या वर. कार्यकारणभाव सिद्ध नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये वर्ग '२-ब' (कदाचित कर्करोगकारक) दिला. स्वित्झर्लंडने मधला मार्ग काढला: नव्या वाहिन्यांना घरं-शाळांजवळ १ मायक्रोटेस्ला, तोही पूर्ण भार धरून. कलम असं हवं.

तिरपी_रेघ
आणि भिंत, पत्रा?

गॉसबुवा
विद्युत क्षेत्र अडतं, चुंबकीय आरपार जातं. उलट तारांना समांतर लांब पत्रा किंवा कुंपण अर्थ केलं नसेल तर हात लावताच झटका बसतो. अर्थिंगची सक्ती मसुद्यात घाला.

टिटवी
पक्ष्यांचं कलम दोन भागांत करा, कारण मरण्याची कारणं दोन. मोठ्या वाहिनीवर ते सगळ्यात वरच्या बारीक अर्थ वायरला (वीज पडण्यापासून वाचवणारी तार) धडकतात; तिथे तार दिसावी म्हणून मार्कर हवेत. ११-३३ केव्हीच्या खांबावर जिवंत तार आणि अर्थ केलेला क्रॉस आर्म (खांबावरचा आडवा दांडा) पंखांच्या टप्प्यात येतात. तिथे मार्कर निरुपयोगी, जंपरला (खांबावरच्या जोड तारेला) इन्सुलेशनचं आवरणच हवं. भूमिगत केबलने दोन्ही प्रश्न सुटतात, पण केबलच्या अगदी वर क्षेत्र तारांखालच्यापेक्षा जास्त भरू शकतं, फक्त बाजूला झपाट्याने उतरतं. तेव्हा ती बालवाडीच्या अंगणाखालून नेऊ नका.