मदत हवी आहे: पक्षी-उत्सवासाठी वक्ते आणि कावी कलाकार

नमस्कार मंडळी, हिवाळ्यात गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर बदकं उतरली की आम्ही गावकरी मिळून पक्षी-उत्सव करणार आहोत. अडई, तलवार बदकांविषयी मुलांशी मराठीत किंवा कोंकणीत बोलणारं कुणी सुचवाल का? स्लाइड्स नकोत, मुलांच्या हाती दुर्बीण देऊन बांधावरच सांगणारं माणूस हवं. चोडण बेटाच्या खारफुटीत होडी वल्हवणारे एखादे काका आले तर फारच उत्तम, खंड्या कुठं बसतो ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.

शिवाय कावी, म्हणजे भिंतीवर कोरून चित्रं काढण्याच्या कलेतले, कलाकार हवेत. ओल्या चुन्यावर तांबडा थर देऊन तो कोरत पांढरा पक्षी उमटवताना मुलांनी पाहावं, ही फार इच्छा आहे. मानधन आणि प्रवासखर्च नक्की देऊ. कलाकाराला फुकट बोलावणं मला पटत नाही. ओळखीचं कुणी असेल तर कृपया मेसेज करा.