‘माय ब्रिलियंट फ्रेंड’ : कोरडी सुरुवात आणि उशिरा जडलेली ओढ

प्रश्न
एलेना फेरांते यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या इटालियन कादंबरीचा अ‍ॅन गोल्डस्टीन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद वाचतो आहे. सुरुवातीची पाने नेटाने वाचावी लागली. नेपल्समधील गरीब वस्ती, तिथली असंख्य कुटुंबे, आणि निवेदिका एलेना व तिची मैत्रीण लीला यांच्यात मायेपेक्षा चढाओढच जास्त. मात्र वर्गात सर्वांत हुशार असलेल्या लीलाला तिचे आईवडील पुढे शिकवायला नकार देतात आणि एलेनाची शाळा चालू राहते, तिथपासून पुस्तक हातातून सुटेना. मग आधीचा कोरडेपणा ही लेखिकेची उणीव मानावी, की माझ्या वाचनाची?

प्रतिसाद १
प्रास्ताविक पुन्हा वाचावे, असे सुचवेन. साठी उलटलेली लीला मागे काहीही न ठेवता, फोटोंतून स्वतःला कापून काढून, नाहीशी झाली आहे; आणि ते कळताच एलेना रडत नाही, तर संतापून, या वेळी कोण जिंकते ते पाहू, अशा ईर्षेने लिहायला बसते. म्हणजे ज्या पुस्तकात आपण माया शोधतो, ते लिहिणे हाच त्या दोघींमधला पुढचा डाव आहे. लीला एलेनाची बाहुली तळघरात टाकते, तेव्हा एलेनाही लीलाची बाहुली टाकते. ते दृश्य या दृष्टीने पाहिले की मला तरी कोरडे वाटत नाही.

प्रतिसाद २
थोडा मतभेद नोंदवतो. नावांचा गोंधळ खराच आहे. आरंभी दिलेली पात्रांची यादी मला शेवटपर्यंत उलटून पाहावी लागली. शिवाय कोण बोलीत बोलते आणि कोण प्रमाण इटालियनमध्ये, यावर पात्रांमधले अंतर मोजले जाते, आणि अनुवादात ते बहुधा नुसते सांगितले जाते, ऐकू येत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. काल शाळा बुडवून समुद्र पाहायला निघण्याचा प्रसंग पुन्हा वाचला. बेत लीलाचा, पण वाटेतूनच मागे फिरण्याचा हट्टही तिचाच. घरी एलेनाला मार बसतो. दुसऱ्या दिवशी तिचे वळ पाहून लीला एवढेच विचारते, की फक्त मारलेच का, आणि लॅटिन शिकायला तुला अजूनही पाठवणार आहेत का? पहिल्या वाचनात हा प्रश्न मी भरभर ओलांडून गेलो होतो.