बाळाचं नाव आणि त्याचं स्पेलिंग: परदेशातल्या मुस्लिम आईबाबांनो, तुमचे अनुभव सांगा

आमची लेक आज १९ दिवसांची झाली आणि अजून तिला नाव नाही. कानात अजान झाली, सातव्या दिवशी अकीकाही, म्हणजे बाळासाठीची कुर्बानी, झाला (बकरा चिपळूणला, आम्ही इथे लेस्टरला फोनवर बघितला), फक्त नावाचं घोडं अडलंय. इंग्लंडात ४२ दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी लागते, म्हणजे हातात २३ दिवस आहेत.

सासूबाईंना 'आसिया' हवंय, इजिप्तच्या राजाच्या, फिरऔनच्या बायकोचं. जुलमी नवऱ्याच्या घरात राहून ईमान राखणारी बाई. मलाही आवडतं. पण नवऱ्याच्या फुफींनी, म्हणजे आत्याने, नाव ठेवायच्या आधीच नावं ठेवली. म्हणाल्या, आसियाचा अर्थ 'नाफरमान', म्हणजे आज्ञा न पाळणारी, पैगंबरांनी स्वतः हे नाव बदलून 'जमीला' ठेवलं होतं. गंमत अशी की दोघीही बरोबर आहेत. अरबीत ही दोन वेगळी नावं आहेत. एक अलिफ आणि सीनने लिहितात, दुसरं ऐन आणि सादने. हजरत उमर यांच्या मुलीचं जे नाव बदललं, ते दुसरं. देवनागरीत आणि इंग्रजीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात. आता फुफींना हे कोण समजावणार?

तुम्ही नाव कसं ठरवलंत? घरचे काय म्हणाले, शाळेत काय झालं? नुसती नावांची यादी देऊ नका, त्या यादीने माझा फोन आधीच भरलाय.

म्युनिक, मूळ पुणे
आमच्याकडे अर्थावरून नाही, उच्चारावरून वाजलं. माझ्या सासऱ्यांना मुलगा झाला तर 'जुनैद' आणि मुलगी झाली तर 'झोया' हवं होतं. जर्मनीत जे चा उच्चार 'य' आणि झेड चा 'त्स'. म्हणजे पोरगा 'युनाईद' आणि पोरगी 'त्सोया'. सारा म्हणाल तर तिची इथे 'झारा' होते, कारण स्वराआधीचा एस इथले लोक झ सारखा म्हणतात! मी आणि नवरा रात्री जेवण झालं की एकेक नाव जर्मन ढंगात मोठ्याने म्हणून बघायचो. शेजारच्या आजींना जिन्यात गाठून त्यांच्याकडून वाचून घेतलं. आठ नावं बाद झाली. शेवटी 'इनाया' राहिलं. सासरे अजून म्हणतात, हे नाव जर्मनांनी ठरवलं. खरं तर खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी ठरवलं.

न्यू जर्सी, मूळ बीड
ताई, पहिल्या नावाचं सोडा, आडनावाचं बघा. आमच्या मराठवाड्यात शेख पुढे लागतो, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा शेख आणि वडिलांचं नाव. माझ्या पासपोर्टात हे सगळं एकाच रकान्यात आणि आडनावाची जागा कोरी. अमेरिकेच्या व्हिसावर त्यामुळे पहिलं नाव छापून आलं एफ-एन-यू, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. तेच पुढे बँकेत आणि लायसन्सवर गेलं. दातांच्या डॉक्टरकडे नर्स बाहेर येऊन हाक मारायची, "मिस्टर फ्नू?" आणि मी उठायचो. दोन वर्षं मी फ्नू होतो.

मुलाच्या वेळी ठरवलं, एक नाव, एक आडनाव, बस. वडिलांचं नावसुद्धा मधे नको. अब्बा दुखावले. आपल्याकडे बापाचं नाव नसलेलं नाव उघडं वाटतं. आणखी एक सांगतो. 'अब्दुल' लावून नाव ठेवणार असाल तर जोडून एका शब्दात लिहा. माझ्या मित्राने अब्दुल आणि रहमान वेगळं लिहिलं. शाळेने पहिलं नाव अब्दुल धरलं, रहमान मधलं. अब्दुल म्हणजे नुसतंच 'चा बंदा'. कोणाचा, ते शाळेने कापून टाकलं.

टोरांटो
आम्ही 'अनस' ठेवलं. सहाबींचं, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याचं नाव, माझ्या नानांची इच्छा. इंग्रजीत वाचून बघितलं नाही. बाकी तुम्ही समजून घ्या. चौथीत असताना एक दिवस दप्तर फेकून म्हणाला, "तुम्हाला कोणालाच इंग्रजी येत नव्हतं का?" मी बारा वर्षं इथे नोकरी करत होते, आणि उत्तर नव्हतं. स्पेलिंगमध्ये एक ए वाढवला. थोडा फरक पडला. आता सतरा वर्षांचा आहे, नाव बदलायचं का विचारलं तर नको म्हणाला.

लियाँ, फ्रान्स
वरच्या ताईंना: आमच्या मुलाच्या वर्गात दोन अनस आहेत, दोघेही मोरोक्कन घरचे, कोणी हसत नाही. माझा मुलगा घरी येऊन त्यांना 'अननस' म्हणतो ते वेगळं. फ्रेंचमध्येही अननसाला तेच म्हणतात. इथे आपल्या नावांची सवय मगरिबी लोकांनी आधीच लावून ठेवलीय. १९९३ पर्यंत नाव काय ठेवायचं यावर कायद्याची बंधनं होती, आता आईबापांना मोकळीक आहे. अडचण दुसरीच: फ्रेंच लोक ह म्हणत नाहीत. आमची हिबा शाळेत 'इबा' आहे. पहिल्यांदा मी बाईंना सुधारलं. मग लेकच म्हणाली, "मम्मी, शाळेत मी इबाच आहे."

मेलबर्न
मी चित्पावन, नवरा मालेगावचा. दोन्ही घरांना चालेल असं नाव शोधताना 'समीर' सापडलं. संस्कृतात वारा, अरबीत रात्री गप्पा मारणारा सोबती. माझ्या आईने पाळणा म्हटला, सासूबाईंनी दुआ. दोघींना वाटतं नाव त्यांचंच. आम्ही काही बोलत नाही.

पूर्व लंडन, मूळ खेड
मुलांच्या नावापुढे मोहम्मद लावणाऱ्यांसाठी. आपल्याकडे ते बरकतीसाठी असतं, हाक दुसऱ्या नावाने मारतात. इथे जे पहिलं, तेच हाकेचं. २०२३ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलग्यांच्या नावांत पहिला नंबर मुहम्मदचा होता. तोही एकाच स्पेलिंगचा, बाकीची स्पेलिंगं वेगळी मोजतात. आमच्या दवाखान्यात मुहम्मद म्हणून पुकारलं की तीन बाप उठतात. थोरल्याला आम्ही मोहम्मद पुढे लावून 'रय्यान' ठेवलं, तर घरात रय्यान आणि प्रत्येक कागदावर मोहम्मद. धाकट्याच्या वेळी रय्यानच्या अनुभवावरून मोहम्मद मधे टाकलं. बरकत मधूनही मिळते, असं आमच्या मौलानांनी सांगितलं.

नोकरीचं म्हणाल तर २०१७ मध्ये बीबीसीने एक प्रयोग केला होता. अगदी सारखे अर्ज, एक 'अॅडम'चा, एक 'मोहमद'चा, शंभर जागांसाठी. अॅडमला १२ ठिकाणांहून बोलावणं, मोहमदला ४. हे वाचून बायको म्हणाली, मग आदम ठेवू, तोही पैगंबरच. मी म्हटलं, अशा कारणासाठी नको. अजून कधीकधी वाटतं, ती बरोबर होती का.

महाड (आजी)
माझ्या नातवाचं नाव एडन. सून म्हणते तुर्की आहे, आयदिन, म्हणजे उजेड. गावात बायका विचारतात, "पोराचा नाव काय ठेवलास?" मी एडन म्हटलं की म्हणतात, अदन बंदराला असतो का? मी आता हो म्हणते.

लेस्टर (मीच)
सगळ्यांचे आभार. नोंद काल झाली, ३८व्या दिवशी.

म्युनिकच्या ताईंचा प्रयोग केला. आमच्या हेल्थ व्हिजिटरला (घरी येऊन बाळ बघणारी नर्स) कागदावर लिहून दिलं, वाचा म्हटलं. एका ए ने लिहिलं होतं तर तिने 'एशिया' वाचलं. अख्खा खंड! दोन ए लावले, मग जमलं. नोंदणीच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हटलं, एकेक अक्षर तपासा, मगच सही करा. तीनदा तपासलं. इथे वर्षभरात पहिलं नाव बदलून घेता येतं, हेही त्यांनीच सांगितलं. ते मी घरी सांगितलेलं नाही.

फुफींना फोन केला. थोडा वेळ गप्प राहिल्या.

"सीनने लिहिलंस की सादने?"

"इंग्रजीत लिहिलंय, फुफी."

"ते राहू दे. तुझ्या मनात कशाने?"

"सीनने."

"मग आसियाला फोनजवळ आण."