पटाशी घासूनही कापत नाही

नवी पटाशी (लाकूड तासायची सपाट छिन्नी) दगडावर तासभर घासली तरी सागाचे तंतू फाटतातच, आणि लाख पॉलिशवर पांढुरके डाग येतात, असं एकाने विचारलंय. माझंही वर्षभर हेच चाललं होतं. उगीच दगडाला नावं ठेवत होतो. मी पटाशीची पाठ, म्हणजे उताराच्या उलटी सपाट बाजू, सपाट केलीच नव्हती. धार म्हणजे दोन बाजू मिळतात ती रेघ. पाठीवर कारखान्यातले ओरखडे तसेच असतील तर पुढून कितीही घासा, रेघ दातेरीच राहणार. जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर पसरा, आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १५००, आणि पाठीचा टोकाकडचा इंचभर भाग आरसा करा. हे एकदाच करावं लागतं. मग पुढच्या बाजूला २५ अंशांचा उतार घासा, अगदी टोकाला ३० अंशांवर चार-पाच हात. हा उतार घासताना पाठीच्या बाजूने धारेवर नखाला खरखर लागेपर्यंत पुढचा नंबर घेऊ नका. शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर मागे ओढत फिरवा. धार दाखवायला हातावरचे केस भादरणारे पुष्कळ भेटतात. मी सागाचा तुकडा तंतूंना आडवा कापून बघतो, काप चकचकीत निघाला की झालं.

लाख पॉलिशवरच्या (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) पांढुरक्या डागांचं म्हणाल तर जुलैत ठाण्यात ते येणारच. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल तिथे धरते. घोडबंदरच्या बाल्कनीत माझा पाट असाच दुधाळला होता. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा हलकेच फिरवला, डाग गेले. आता पावसाळ्यात मी फक्त जवसाचं तेल लावतो. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून टाकू नका, आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा.