मदत हवी आहे: मोकळ्या तारा सुरात, पण फ्रेट (पडदा) दाबली की गिटार चढते

मंडळी, तीन आठवडे याच्याच मागे आहे, आता हात टेकले.

स्ट्रॅटच्या घाटाची इलेक्ट्रिक गिटार आहे, सेकंडहँड घेतलेली. ट्रेमोलोवाला ब्रिज, म्हणजे तारांचं खालचं टोक धरणारा, स्प्रिंगांवर डोलणारा भाग; त्यावर सहा तारांना सहा वेगळी सॅडल, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती पेचाने मागेपुढे सरकणारी घोडी. मोकळ्या तारा ट्यूनरवर चोख लागतात. पण ई मेजर कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) धरला की अंगावर काटा येतो, आणि तो चांगल्या अर्थाने नाही. जीची तार किंचित उतरवून ई मेजर गोड केला, तर सी मेजर बिघडतो. दोघांना एकदम खूश करता येत नाही.

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ताडून पाहिला. जाड ई १२ सेंट चढी (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर), ए ७, डी ४, जी ८, बी ३, बारीक ई २. जाड ईचं सॅडल मागे घेत घेत गेलो तर स्प्रिंग पार दबली, पेच पुढे फिरेना, तरी ६ सेंट शिल्लकच. शेवटी सॅडल होतं तिथे परत आणलं.

महिनाभरापूर्वी ९ च्या तारा काढून १० चा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट घातला. तेव्हापासून ब्रिज मागून उचलल्यासारखा दिसतो. दुकानात सेटअपला दिली, तर ८०० रुपये घेऊन पुसून परत दिली. वर, ‘या किमतीच्या गिटारला एवढं चालायचंच.’

आई गाणं शिकवते, घरात दिवसभर तंबोरा चालू, त्यामुळे माझे कान जरा नाठाळ आहेत हेही सांगून ठेवतो. नेक (गिटारची मान) वाकडी आहे का? विकून टाकू का?

भटका तंतकार: तारा बदला आधी. जुन्या तारांवर इंटोनेशन (दाबलेल्या सुरांचा सुरेलपणा) लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

धागाकर्ता: तारा नव्या आहेत हो, दहा दिवस झाले. १० चाच दुसरा सेट.

खुंटीपिळ्या: विकू नका. तुमचा आजार ब्रिजच्या उंचीपासून सुरू झालाय असं दिसतं. ९ वरून १० वर गेलात की तारांचा ताण वाढतो, मागच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा तेवढा ताण पेलत नाहीत, ब्रिज पुढे झुकतो. मग तारा फ्रेटपासून वर जातात. जितकी उंच तार, तितकी ती दाबताना ताणली जाते आणि तितका सूर चढतो. तुम्ही सॅडल मागे घेऊन ही चढण फेडत बसलात.

मागचं झाकण काढा, स्प्रिंगा जिथे अडकवल्यात त्या पट्टीचे दोन पेच थोडे आवळा, परत ट्यून करा, परत बघा. घाई नको. तारांच्या आणि स्प्रिंगांच्या रस्सीखेचीत पाच-सहा फेऱ्या सहज जातात. ब्रिज सरळ झाला की बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. दीड-पावणेदोन मिलिमीटर असेल तर पुढे जा. सॅडलला हात सगळ्यात शेवटी.

आणि आई तंबोऱ्याचा मणी सरकवतात तसं हे नाही. मण्याने ताण बदलतो, सूर हलतो. सॅडलने तारेची लांबी बदलते. मोकळी तार पुन्हा लावून घेतली तरी दाबलेल्या सुराशी तिचं नातं बदललेलं राहतं. साडेपंचवीस इंची गिटारवर, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटरवर, सॅडल एक मिलिमीटर मागे गेलं की बाराव्या फ्रेटवर साधारण पावणेतीन सेंट उतरतात. तुमचे १२ सेंट म्हणजे साडेचार मिलिमीटर. एवढी जागा बहुतेक सॅडलना नसते, म्हणून स्प्रिंग दबली. सॅडल हलवण्याआधी तार सैल करत जा, नाहीतर पेचाचं डोकं जातं.

जुनी जवारी: बारावी फ्रेट राहू द्या बाजूला. पहिल्या फ्रेटवर किती चढते? ई मेजर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरच धरतात, तिथे बाराव्याचा संबंध थोडाच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, सगळ्या तारा पुन्हा ट्यून करा आणि तोच आकार वाजवा. सुधारला तर दोष नटचा, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिचा.

धागाकर्ता: स्प्रिंगा आवळल्या. बाराव्यावरची उंची २.४ वरून १.७ झाली. जी ८ वरून ४ वर आली, ए ३ वर. जाड ई मात्र १२ वरून ९, आणि तिचा काटा एका जागी थांबतच नाही, डोलत राहतो.

पहिली फ्रेट मोजली आणि डोळेच उघडले: जी १५ सेंट चढी, बाकीच्या १० ते १३. कॅपो लावून ट्यून केल्यावर ई मेजर बराच निवळला. पूर्ण नाही.

जुनी जवारी: पूर्ण निवळणारही नाही. ई मेजरमध्ये जीच्या तारेवरची पहिली फ्रेट म्हणजे गंधार. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे समान बारा भाग करून ठोकलेल्या, तिथे गंधार ४००. म्हणजे १४ सेंटचा फरक गिटार कितीही महाग असली तरी राहणारच. वर तुमच्या नटचे १५. एकूण २९. चौदा तुमच्या कानाचे, पंधरा नटाचे. कानाला दोष देऊ नका, नट खाली घ्या.

तपासायचं कसं: तिसरी फ्रेट दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. तुमच्याकडे पोस्टकार्ड जाईल असा माझा अंदाज.

बेसूर बाब्या: पेटीचंही हेच दुखणं ना? १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केलं, ते पुढे तीसेक वर्षं उघडलं नाही. गिटारचं नाव तेव्हा कुणाला सुचलं नसावं म्हणून वाचली.

धागाकर्ता: पोस्टकार्ड गेलं. लग्नपत्रिकासुद्धा गेली असती. सतारीसारखे पडदे सरकवता आले असते तर हा धागाच निघाला नसता.

खुंटीपिळ्या: सगळ्या तारा जवळजवळ सारख्याच उंच आहेत, म्हणजे खाचा एकेक करून कोरायची गरज नाही. नट बाजूने हलकेच ठोकून काढा आणि खालून घासा. थोडं घासा, बसवा, मोजा, परत काढा. जास्त गेलं तर मोकळी तार फ्रेटला लागून खर्र करायला लागेल, मग नवा नट.

जाड ईचा डोलणारा काटा मात्र वेगळं प्रकरण. नेककडचा पिकअप (तारांखालचा, त्यांची कंपनं टिपणारा भाग) तारेच्या फार जवळ असेल. सिंगल कॉइल पिकअपच्या आत लोहचुंबकाच्या कांड्या असतात, त्या जाड तारेला खेचतात. वरच्या फ्रेटवर तर एका सुरात दोन सूर भांडतात. अशा तारेवर ट्यूनर काय खरं सांगणार! शेवटची फ्रेट दाबा, जाड ईच्या बाजूला पिकअपच्या टोकापासून तारेपर्यंत निदान अडीच मिलिमीटर सोडा.

धागाकर्ता: शनिवार-रविवार यातच गेला. पिकअपपासूनचं अंतर जेमतेम सव्वा मिलिमीटर होतं, पेच फिरवून अडीच केलं. काटा थांबला, आणि जाड ई सॅडलला हात न लावता ९ वरून ५ वर आली! नट तीन वेळा काढला. जी पहिल्या फ्रेटवर १५ वरून ४.

नव्या तारा सॅडलवर कमान करून बसल्या होत्या, त्या सॅडलच्या पुढ्यात बोटाने दाबल्या. त्यानेही एखाददुसरा सेंट हलला. मग सॅडल सगळ्यात शेवटी. जाड ई ५ वरून २, आणि स्प्रिंगमध्ये अजून जागा आहे. बाकी पाच तारा एकदोन सेंटच्या आत. त्या दोनाच्या मागे लागणार नाही, मी फ्रेट जोरात दाबतो तेव्हा त्याहून जास्त चढवतो.

आईला ई मेजर ऐकवला. म्हणाली, आता पेटीइतका सुरात आहे. हे कौतुक होतं का, ते विचारलं नाही.

बेसूर बाब्या: नव्हतं.

भटका तंतकार: नट खालून घासायला काय वापरलं? माझाही उंच आहे, हातात धरून घासला तर तिरका जातो.

धागाकर्ता: ४०० नंबरचा पॉलिश पेपर, काचेच्या तुकड्यावर चिकटवून. पेपर हलवायचा नाही, नट हलवायचा. आणि खालच्या बाजूला आधी पेन्सिलने रेघा मारून घ्या. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या तर सरळ घासलाय, एका टोकाला उरल्या तर तिथे जोर कमी पडतोय. माझा पहिल्यांदा बारीक ईच्या बाजूला तिरका गेला होता, रेघांमुळेच कळलं.